एमएसजी ९० आणि तिची थोरली बहीण पीएसजी १: जर्मन सेमी-ऑटोमॅटिक स्नायपर रायफलचं खरं वेगळेपण

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनीची एमएसजी ९० ही लष्करी सेमी-ऑटोमॅटिक स्नायपर रायफल म्हणजे नुसती स्वस्तातली पीएसजी १ आहे का? तिची वैशिष्ट्यं कोणती? सेमी-ऑटो (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) असूनही ती हाताने भरायच्या बोल्ट ॲक्शनइतकी अचूक कशी? आणि आज निवडायची झाली तर कोणती घ्यावी?

आधी एक गोष्ट साफ करतो. मी स्नायपर नाही. माझी नोकरी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात गेली, शस्त्रं दुरुस्त करणारा आर्मोरर म्हणून. दलाचं नाव सांगत नाही, ते सांगायचं नसतं. नेमबाज सकाळी रायफल सही करून न्यायचा आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आणायचा: "उस्ताद, आज उजवीकडं मारतेय." मग टेबलावर चिंदी पसरून मी तिची तपासणी करायचो. म्हणजे या रायफली मला माहीत आहेत त्या तक्रारींमधून. आणि माझं मत असं झालंय की बंदुकीचं कुठलंही वैशिष्ट्य हे कुणाच्या तरी तक्रारीचं उत्तर असतं. पीएसजी १ पोलिसाच्या तक्रारीचं उत्तर आहे, एमएसजी ९० शिपायाच्या. एवढं धरून ठेवलं की पुढचं सोपं जातं.

नावातच हे आलंय. पीएसजी म्हणजे 'प्रेत्सिझिओन्सश्युट्सनगेवेअर', अचूक नेमबाजाची रायफल. हा जर्मन पोलिसांचा शब्द आहे. एमएसजी मधला एम 'मिलिटेरिशेस'चा आणि पुढचा शब्द 'शार्फश्युट्सनगेवेअर', म्हणजे लष्करी स्नायपरची रायफल. कारखाना एकच, हेकलर अँड कॉख, गावही एकच, नेकर नदीकाठचं ओबर्नडॉर्फ. काडतूसही एकच, ७.६२×५१ मिमी नाटो. आपल्या सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलीचंच.

थोरलीपासून सुरुवात करू, कारण ती समजल्याशिवाय धाकटी कळत नाही.

५ सप्टेंबर १९७२. म्युनिक ऑलिंपिक. 'ब्लॅक सप्टेंबर' या पॅलेस्टिनी अतिरेकी संघटनेच्या आठ जणांनी इस्रायली चमूला ओलीस धरलं आणि रात्री फुर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर आणलं. तिथं जर्मन पोलिसांनी नेमबाज लावले होते फक्त पाच. त्यांच्या हातात लष्कराच्या साध्या जी ३ रायफली. ना दुर्बीण, ना रात्रीची साधनं, एकमेकांशी बोलायला वायरलेससुद्धा नाही. त्या रात्री तिथं आणलेले नऊच्या नऊ ओलीस मारले गेले, एक पोलीसही गेला. त्यानंतर जर्मनीने दोन गोष्टी केल्या. जीएसजी ९ हे दहशतवादविरोधी दल उभारलं, आणि अशा प्रसंगासाठी खास रायफल हवी हे कबूल केलं.

आता त्या प्रसंगाची तक्रार नीट ऐका. अंतर फार नाही, शेदोनशे मीटरच्या आतबाहेर. लक्ष्य मात्र एकाहून जास्त, आणि पहिल्या गोळीनंतर उरलेल्यांच्या हातात ओलीस. बोल्ट ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हात हलवून बोल्ट मागेपुढे करावा लागतो, तेवढ्यात डोळा दुर्बिणीतून हलतो. पोलिसाला हवी होती गालाला लागलेली रायफल न हलवता दुसरी, तिसरी गोळी तितक्याच नेमकेपणाने मारता येईल अशी गोष्ट. म्हणून सेमी-ऑटो. हौस म्हणून नव्हे.

याला आपल्याकडचा एक धागा आहे. १९८४ साली एनएसजी उभारताना जीएसजी ९ चा नमुना डोळ्यांपुढे होता, आणि आपल्या ब्लॅक कॅट कमांडोंच्या शस्त्रसाठ्यात पीएसजी १ आली. त्यामुळे आपल्याकडच्या शस्त्रवेड्या मंडळींना ती फोटोतून ओळखीची असते: लांबलचक जाड नळी, लाकडी पिस्तूल-मूठ, समोर तिपाई.

आता यंत्राकडे येतो. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सेमी-ऑटो असून अचूक कशी, याचं उत्तर इथंच आहे.

बहुतेक सेमी-ऑटो रायफली गॅसवर चालतात. नळीला वाटेत भोक असतं, गोळी तिथून पुढे गेली की थोडा गॅस त्या भोकातून येऊन पिस्टन ढकलतो. म्हणजे नळीवर काहीतरी टांगलेलं असतं आणि गोळी नळीत असतानाच ते हलायला लागतं. अचूकतेला हे चांगलं नाही. जी ३ घराण्यात, आणि या दोघी बहिणी त्याच घराण्यातल्या, नळीला भोकच नाही. तिथं रोलर आहेत. ब्रीच ब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, दोन तुकड्यांचा: पुढचा छोटा, मागचा जड. पुढच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोलादी रोलर बाहेर येऊन नळीच्या मागच्या खाचांत बसतात, आणि त्यांच्या मधोमध मागच्या तुकड्याची पाचर घुसलेली असते. गोळी सुटली की पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, मागे रेटा देते, रोलर आत दबले जातात आणि मधली पाचर सुळकन मागे पळते. आमरस काढताना कोय मुठीत दाबली की कशी निसटते, तसं. पुढचा तुकडा १ मिमी सरकतो तेवढ्यात मागचा जड तुकडा ४ मिमी गेलेला असतो. या चौपटीच्या हिशोबात जो वेळ जातो, तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते आणि दाब उतरतो. कुलूप असं लागतच नाही, नुसता उशीर केला जातो.

याचा फायदा हा की नळीला कुणी हात लावत नाही. मागच्या टोकाला घट्ट बसवलेली, पुढे मोकळी. पीएसजी १ मध्ये ही नळी ६५० मिमी लांब, चांगली जाडजूड, आणि आतून बहुकोनी आकाराची. नेहमीच्या नळीत धारदार खाचा असतात तशा इथं नाहीत, गोलसर कंगोरे आहेत. नळीच्या तोंडावर ज्वाळा लपवणारा फ्लॅश हायडर नाही, काही नाही. सपाट.

तोटाही त्याच यंत्रातून येतो. पुंगळी चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटलेली असतानाच तिला मागे ओढायला सुरुवात होते. ती फाटू नये म्हणून चेंबरच्या आत उभ्या बारीक खाचा कोरलेल्या असतात, त्यातून गॅस पुंगळीच्या भोवती शिरतो आणि तिला सोडवतो. त्यामुळे या घराण्याची पुंगळी हजारात ओळखू येते: अंगावर काजळीचे उभे पट्टे. वर बाहेर पडताना असा दणका बसतो की कुशीत पोचा. आणि फेकली जाते ती आठ-दहा मीटर लांब.

हे आठ-दहा मीटर कागदावर गमतीचे वाटतात. आमच्याकडे झाडलेल्या प्रत्येक गोळीचा खोका, म्हणजे रिकामी पुंगळी, परत जमा करावा लागतो, मोजून. एकदा पावसाळ्यानंतर रेंजवर गुडघ्याएवढं गवत होतं. चाळीस राउंड दिले, एकोणचाळीस खोके मिळाले. दिवस बुडाला तरी सात माणसं वाकून गवतात हात फिरवतायत. शेवटी एका पोराने डोकं चालवलं. तो रायफल होती तिथं पालथा झोपला आणि म्हणाला, "उस्ताद, ती कुठं फेकते ते बघून चला ना." नवीन गोळी झाडायचा प्रश्न नव्हता, फायरिंग बंद झालं होतं, पण त्याने हाताने दिशा दाखवली आणि आम्ही त्या रेषेत मोजून अकरा पावलं गेलो. खोका एका दगडाच्या मागे होता. एसएलआरचे खोके आम्ही एका चादरीत गोळा करायचो. हिच्यासाठी चादर कुठे पसरणार?

रोलर घराण्याची आणखी एक खोड. तुम्ही ब्रीच ब्लॉक हळूच पुढे सोडलात तर रोलर पूर्ण बाहेर येत नाहीत, रायफल बंदच होत नाही. म्हणून जी ३ वाल्यांना सवय असते कॉकिंग हँडल (ब्लॉक मागे ओढायचा दांडा) मागे अडकवायचं आणि वरून चापट मारायची. खटाक! तो आवाज रात्री अर्ध्या मैदानाला ऐकू जातो. छपरावर झोपलेल्या पोलिसाला हे परवडत नाही. त्यामुळे पीएसजी १ मध्ये आवाज न करता बंद करायची सोय दिली आहे: ब्लॉक हाताने सावकाश पुढे न्यायचा आणि शेवटचा टप्पा पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीतून अंगठ्याने, खरबरीत केलेल्या जागेवर दाबून पुरा करायचा. छोटी गोष्ट. पण ज्याने हे मागितलं त्याची अडचण लगेच दिसते.

बाकी पीएसजी १ म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवलेला कोट. दस्ता लांबीला कमीजास्त होतो, गालाची पट्टी वरखाली होते, खांद्याला लागणारी टोपी फिरते. मुठीखाली तळहात टेकवायचा एक लाकडी टेकू, तोही सरकवता येतो. ट्रिगर साधारण दीड किलोला सुटतो, आणि त्यावरची रुंद पट्टी बोटाप्रमाणे लावता येते. यंत्र बसतं ते घर जी ३ सारखंच पत्र्याचं आहे खरं, पण त्याच्या दोन्ही कुशींना पट्ट्या वेल्ड करून ते ताठ केलेलं. गोळी सुटताना पत्रा लवला तर दुर्बीण लवते, आणि नेम गेला. उघड्या डोळ्यांनी नेम धरायच्या साइट्स नाहीतच. दुर्बीण हेन्सोल्टची, ६×४२, बॅटरीवर उजळणाऱ्या रेघांची, १०० ते ६०० मीटरपर्यंतचे सहा टप्पे.

अचूकतेचा कारखान्याचा दावा असा: ३०० मीटरवर ५० गोळ्या ८० मिमी व्यासाच्या वर्तुळात. वाटीच्या तोंडाएवढं वर्तुळ समजा. ३०० मीटरवर एक मिनिट कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, साधारण ८७ मिमी होतो, म्हणजे हे एक मिनिटाच्या आत आलं. आजकाल पोरं म्हणतात, "अर्ध्या मिनिटाची बोल्ट ॲक्शन मिळते, हिच्यात काय मोठं?" अरे बाबा, ते तीन किंवा पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे कागदावरचे पुंजके, असतात. पाच गोळ्यांचा चांगला ग्रुप नशिबानेही पडतो. पन्नास गोळ्या, नळी तापत जाताना, एका वाटीत ठेवायच्या ही वेगळी परीक्षा आहे.

मात्र हे सगळं मॅच दर्जाच्या, म्हणजे स्पर्धेसाठी काटेकोर बनवलेल्या दारूगोळ्यावर. शिपायाला मिळणारा नेहमीचा बॉल राउंड भरलात की ही महागडी बाई साध्या रायफलीसारखी वागते. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी, "उजवीकडं मारतेय", "आज पसरवतेय", या रायफलीच्या नव्हत्याच. वेगळ्या लॉटचा दारूगोळा आला होता. उरलेल्यातल्या निम्म्या गालाच्या पट्टीच्या: आदल्या दिवशी दुसऱ्याने रायफल वापरली, पट्टी आपल्या मापाला फिरवली, आणि सांगितलं नाही. मग मी प्रत्येकाची खूण पांढऱ्या पेन्सिलीने मारून ठेवायला लागलो.

खरी यांत्रिक तक्रार एकच वरचेवर यायची, आणि ती मोजायची पद्धत मला फार आवडते. ब्लॉक बंद असताना पुढच्या आणि मागच्या तुकड्यांत बारीक फट असते. ती ०.१० ते ०.५० मिमीच्या दरम्यान पाहिजे. मोजायचं फीलर गेजने, गॅरेजमधला मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतो तेच पत्ते. मॅगझिन काढून, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, पत्ता मॅगझिनच्या जागेतून त्या फटीत सरकवायचा. फट कमी झाली म्हणजे झीज झाली. मग रोलर बदलायचे. मूळ रोलर ८.०० मिमीचा, आणि त्याहून ०.०२ मिमीच्या पायऱ्यांनी मोठे-छोटे मिळतात. ०.०२ मिमी. केसाच्या जाडीहून कमी. त्यावर अख्खी रायफल उभी आहे हे नवख्याला पटत नाही.

आता लष्कराची तक्रार. पीएसजी १ चं वजन दुर्बिणीसकट आठ किलोच्या घरात, लांबी सव्वा मीटरच्या आसपास, किंमत दहा हजार डॉलरच्या घरात, आणि पुंगळी दहा मीटर लांब चकाकत जाते. पोलीस गाडीतून उतरतो, छपरावर चढतो, तिपाई मांडतो, काम झालं की परत गाडीत. शिपायाने हे पाठीवर घेऊन डोंगर चढायचा? तुलनेला आपली ड्रॅगुनोव्ह घ्या. सव्वाचार-साडेचार किलोची. पीएसजी जवळपास दुप्पट. ड्रॅगुनोव्ह इतकी अचूक नाही, पण तिला चिखलात लोळवा, ती कुरकुरत नाही.

म्हणून एमएसजी ९०. नावातला आकडा १९९० चा. आणि इथं तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, ती नुसती स्वस्तातली पीएसजी नाही. कारखान्याने एकेक वैशिष्ट्य हातात घेऊन विचारलंय, याची शिपायाला गरज आहे का?

नळी ६५० ची ६०० मिमी केली आणि बारीक केली. पण बारीक नळी गोळी सुटताना जास्त थरथरते, म्हणून तोंडाशी वजन दिलं. छत्रीची काडी आणि टोकाला शिसं, अशी कल्पना करा, थरथर दर वेळी सारखीच होते. आणि दर वेळी सारखी होणं हेच महत्त्वाचं, थरथर शून्य करणं नव्हे. तोंडाशी जो जाड भाग आला त्यावर सायलेन्सर बसवायचीही सोय झाली. वजन ६.४ किलोवर आलं, लांबी ११६५ मिमी. अजूनही हलकी नाही, पण एका माणसाने नेण्याजोगी झाली.

दस्ता लांबीला आणि गालाला लावता येतो, पण साधा, छोटा, प्लास्टिकचा. लाकडी टेकू गेला. तिपाईच्या जागी हँडगार्डखाली पट्टी, तिच्यावर दोन पायांचा बायपॉड. ट्रिगर तसाच दीड किलोचा ठेवला, तिथं कारखान्याने हात आखडला नाही हे चांगलं केलं. मॅगझिन ५ किंवा २० गोळ्यांचं. सिलेक्टरवर ऑटोमॅटिक नाहीच, फक्त सेफ आणि एकेक गोळी.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक दुर्बिणीच्या बैठकीचा, आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही. पीएसजी १ ची दुर्बीण रायफलीचाच भाग समजून बसवलेली. एमएसजी ९० वर जी ३ आणि याच कारखान्याच्या एमपी ५ सबमशीनगनवर चालणारी तीच नाटो ठरावाची पकड-बैठक आहे. दिवसाची दुर्बीण काढा, रात्रीची लावा. लष्कराच्या कोतमध्ये ही सोय सोन्याच्या मोलाची, कारण तिथं दुर्बिणी वेगळ्या येतात, वेगळ्या बिघडतात आणि वेगळ्या दुरुस्तीला जातात. हिची हेन्सोल्ट दुर्बीण १० पट वाढीची, १०० ते १२०० मीटरपर्यंतच्या टप्प्यांची. पुढे एमएसजी ९० ए १ मध्ये उघड्या डोळ्यांच्या साइट्सही परत आल्या. शिपायाची दुर्बीण फुटू शकते. पोलिसाची फुटली तर तो दुसरा माणूस बसवतो.

पण १२०० आकडा दुर्बिणीवर कोरलेला आहे म्हणून ७.६२×५१ ची गोळी तिथं नेमाने पोचेल असं समजू नका. आठशेच्या पुढे वारा तिला हवं तिकडे नेतो. ही गोष्ट जर्मन लष्कराला चांगली कळत होती. नव्वदच्या दशकात त्यांनी आपल्या स्नायपरसाठी जी २२ निवडली, ती ब्रिटिश घडणीची बोल्ट ॲक्शन, .३०० विंचेस्टर मॅग्नम काडतुसाची. म्हणजे लांबचं काम बोल्ट ॲक्शनलाच. पुढे आलेली जी २९ सुद्धा बोल्ट ॲक्शनच आहे, .३३८ लापुआची.

आणि बोल्ट ॲक्शनची एक खुबी सेमी-ऑटोला कधीच साधत नाही. हाताने भरलेली पहिली गोळी चेंबरमध्ये एका जोराने बसते, पुढच्या गोळ्या यंत्राच्या दणक्याने. त्यामुळे कितीतरी सेमी-ऑटो रायफलींत पहिली गोळी ग्रुपच्या किंचित बाहेर पडते. प्रत्येक नेमबाज ती किती आणि कुठे पडते ते वहीत लिहून ठेवतो. ओलीस प्रसंगात पहिलीच गोळी सगळं ठरवते, हे लक्षात घेतलं की त्या वहीची किंमत कळेल. मी वही न ठेवणाऱ्याला रायफल द्यायला कुरकुर करायचो, आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात.

जाता जाता, जर्मनांची लष्करी सेमी-ऑटो स्नायपर काही एमएसजीपासून सुरू होत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली गेवेअर ४३ आली, वाल्थरची, ७.९२ मिमी काडतुसाची, १० गोळ्यांचं मॅगझिन. तिच्या आधीच्या गेवेअर ४१ ने गॅस नळीच्या पार तोंडाशी पकडायचा घाट घातला होता, जड आणि पटकन घाण होणारी. रशियन आघाडीवर टोकारेव्ह एसव्हीटी ४० हाती लागली, तिची गॅस-पिस्टनची रीत उचलली आणि काम झालं. घराच्या उजव्या अंगाला पट्टी, तिच्यावर ४ पट वाढीची झेडएफ ४ दुर्बीण. रचना बरी होती, पण युद्धाच्या शेवटाकडची घडाई कच्ची. खरा स्नायपर आपली बोल्ट ॲक्शन माउझर सोडायला तयार नव्हता.

रोलरची गोष्टही त्याच ओबर्नडॉर्फची. माउझरच्या अभियंत्यांनी युद्धाच्या शेवटी, १९४५ च्या सुमाराला ही कल्पना रायफलीत आणली. पराभवानंतर फ्रेंचांनी कारखाना मोडला, माणसं पांगली. त्यांच्यातला लुडविग फोर्ग्रिम्लर आधी फ्रान्सला, मग स्पेनला गेला, तिथं सेत्मे रायफल झाली. तीच सुधारून जर्मनीत परत आली आणि १९५९ ला जी ३ म्हणून लष्करात गेली. दरम्यान माउझरमधूनच बाहेर पडलेल्या हेकलर, कॉख आणि झायडल यांनी १९४९ ला आपला कारखाना घातला होता. सुरुवातीच्या दुर्बीणवाल्या जी ३ म्हणजे कारखान्यात तपासणीवेळी ज्या जास्त अचूक निघाल्या त्या वेगळ्या काढून दुर्बीण लावलेल्या. आंब्याच्या ढिगातून हापूस निवडल्यासारखं. पीएसजी मुळात वेगळी घडवली, हा तिच्यातला आणि त्यांच्यातला फरक.

याच काळातल्या वाल्थर डब्ल्यूए २००० बद्दल सिनेमा आणि गेममुळे फार विचारतात. ट्रिगरच्या मागे मॅगझिन असलेल्या या सुंदर वस्तूचे दोनशे नगसुद्धा बनले नाहीत. किंमतच इतकी की पोलिसांनी हात जोडले. त्याहून जास्त लिहिण्यासारखं तिच्याबद्दल नाही.

शेवटचा भाग, आज कोणती घ्यावी. पीएसजी १ चं नूतनीकरण झालंय. २००६ च्या ए १ मध्ये कॉकिंग हँडल थोडं फिरवलं, कारण मागे अडकवल्यावर ते मोठ्या दुर्बिणीला आडवं यायचं. आणि जुनी हेन्सोल्ट काढून श्मिट अँड बेंडरची ३–१२×५० दुर्बीण लावली. जुनीच्या बॅटऱ्यांनी लोकांना जेरीस आणलं होतं, ते मी स्वतः भोगलंय.

लष्करासाठी मात्र रोलरचा जमाना सरला. अफगाणिस्तानात जर्मन सैनिकांच्या हातात ५.५६ मिमीची जी ३६ होती, आणि मोकळ्या दऱ्यांत ती लांब पोचत नव्हती. म्हणून कोतमधल्या जुन्या जी ३ धूळ झटकून, दुर्बीण लावून परत काढाव्या लागल्या. त्यानंतर २०११ पासून जी २८ आली. ही त्याच कारखान्याच्या एचके ४१७ रायफलीची बहीण: गॅस आणि छोट्या धावेचा पिस्टन, म्हणजे नळीवर पुन्हा काहीतरी टांगलेलं. त्याची भरपाई म्हणून वरचं घर ॲल्युमिनियमऐवजी पोलादाचं केलं, ताठपणासाठी. वजन वाढलं, पण घर लवत नाही. दावा दीड मिनिटाच्या अचूकतेचा, ६०० मीटरपर्यंतच्या कामासाठी. पीएसजीच्या मानाने उणी वाटेल. पण सायलेन्सर लावला तर गॅस कमी करायची कळ आहे, पट्ट्यांवर हवी ती दुर्बीण लागते, आणि नेमबाज आपल्या तुकडीबरोबर चालू शकतो. अमेरिकेने २०१६ ला याच रायफलीवरून आपली एम ११० ए १ घेतली, आणि गंमत म्हणजे वजन कमी करायला वरचं घर पुन्हा ॲल्युमिनियमचं केलं. जर्मनांनी ज्यासाठी पोलाद घातलं तेच यांनी काढून टाकलं. तक्रार कुणाची, त्यावर उत्तर बदलतं, दुसरं काय.

तेव्हा माझा कौल असा. तुकडीबरोबर चालणाऱ्या माणसाला जी २८. एमएसजी ९० आधीच कोतमध्ये असेल तर ती टाकू नका, रोलर वेळेवर बदला, अजून खूप वर्षं चालेल. नवी मात्र मागवू नका, सुटे भाग मिळवताना दमछाक होईल. आणि एका ठिकाणी बसून, समोर खिडकी आणि तिच्यात ओलीस असं काम असेल, तर आजही मला पीएसजी १ द्या. सोबत एका लॉटचा मॅच दारूगोळा, नवीन वही, आणि खोके वेचायला चांगल्या नजरेची दोन पोरं.